कळलं, पण वळलं नाही? कोडॅकची गोष्ट

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. कंपन्यांचे ताळेबंद, बाजारपेठ, जाहिरात हा काही माझा प्रांत नव्हे. तरीही आज एका कंपनीची गोष्ट सांगणार आहे, कारण तिच्यात तत्त्वज्ञानातला एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. एखादी गोष्ट आपल्याला नीट कळलेली असते आणि तरी आपण तसं वागत नाही, हे कसं होतं? आपल्या आज्या हे चार शब्दांत सांगायच्या: कळतं पण वळत नाही.

सॉक्रेटिसाला हे मान्य नव्हतं. त्याचं म्हणणं असं की ज्याला खरोखर कळलं तो चुकणारच नाही. चुकला याचा अर्थ त्याला कळलंच नव्हतं. ॲरिस्टॉटलने मात्र हा अनुभव नाकारला नाही. ग्रीक भाषेत या दुबळेपणाला 'अक्रासिया' म्हणतात. दारूच्या अमलाखालचा माणूस कवीच्या ओळी घडाघडा म्हणून दाखवतो, तसं काही वेळा आपलं ज्ञान असतं, असं ॲरिस्टॉटल म्हणतो. ते ओठांवर असतं, पण कामाला येत नाही.

आता कोडॅक. व्यवस्थापनाच्या वर्गात ही गोष्ट साधारण अशी सांगतात: १९७५ साली कोडॅकच्याच एका इंजिनिअरने डिजिटल कॅमेरा बनवला, साहेबांनी तो कपाटात टाकला आणि २०१२ साली कंपनीचं दिवाळं वाजलं. तात्पर्य, बदलाल तर तराल. ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की तिची बोधकथा झाली आहे. बोधकथेची अडचण अशी की तिच्यात बोध आधी ठरतो आणि कथा त्याच्या मापाने बेतली जाते. आज आपण उलट करू. काय घडलं ते आधी क्रमाने पाहू आणि बोध शेवटी निघाला तर काढू.

सुरुवात जॉर्ज ईस्टमनपासून. जन्म १८५४ चा. वडील लवकर गेले, चौदाव्या वर्षी शाळा सुटली, पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावात बँकेत कारकुनी. प्रवासाला जायचं म्हणून या तरुणाने फोटोग्राफीचं साहित्य विकत घेतलं. त्या काळी ते साहित्य म्हणजे एक बिऱ्हाडच असे. जड कॅमेरा, तिपाई, काचेच्या प्लेटा, रसायनांच्या बाटल्या आणि अंधार करायला तंबू! काचेवर ओलं रसायन लावायचं, ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि तिथल्या तिथे धुवायचा. ईस्टमनचा तो प्रवास राहूनच गेला, पण हे ओझं कमी कसं करता येईल हा प्रश्न डोक्यात बसला. १८८० च्या सुमाराला त्याने कोरड्या प्लेटांचा धंदा सुरू केला. तो चांगला चालला असतानाच तो काच सोडून गुंडाळता येणाऱ्या फिल्मकडे वळला. हे लक्षात ठेवा, कारण पुढे लागणार आहे. नफ्याचा धंदा हातात असताना या माणसाने वाट बदलली होती.

१८८८ साली 'कोडॅक' नावाचा कॅमेरा बाजारात आला. या नावाला कोणत्याही भाषेत अर्थ नाही. ईस्टमनला 'के' हे अक्षर आवडायचं, म्हणून पुढेमागे 'के' ठेवून त्याने शब्द घडवला. कॅमेऱ्याची किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंची फिल्म आधीच भरलेली. फोटो संपले की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. १० डॉलरमध्ये कंपनी फोटो धुऊन, छापून, नवी फिल्म भरून कॅमेरा परत करायची. तुम्ही फक्त बटण दाबा, बाकीचं आमच्यावर सोपवा, असा जाहिरातीचा आशय होता. १९०० साली आला 'ब्राउनी', किंमत फक्त एक डॉलर. आता शाळकरी पोरसुद्धा फोटो काढू शकत होतं.

मंडळी, ईस्टमनने इथे काय केलं? फोटोग्राफी नावाच्या कारागिरीचे त्याने दोन भाग केले. सोपा भाग गिऱ्हाइकाकडे दिला आणि अवघड भाग स्वतःकडे ठेवला. अवघड भागातच पैसा होता. वस्तरा स्वस्तात द्यायचा आणि पात्यांवर कमवायचं, तसला हा हिशेब. कॅमेरा एकदाच विकला जातो, फिल्म मात्र जन्मभर विकली जाते. मग फिल्म धुण्याची रसायनं, मग छपाईचा कागद. प्रत्येक 'क्लिक'मागे कोडॅकची तीनदा कमाई होती.

आणि फिल्म बनवणं काही खायचं काम नव्हतं. जनावरांच्या हाडांपासून काढलेलं जिलेटिन, त्यात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण, आणि असे अनेक थर पारदर्शक पट्टीवर अतिशय पातळ, एकसारखे चढवायचे. तेही संपूर्ण अंधारात, धुळीचा कण न लागू देता, मैलोगणती लांबीच्या पट्टीवर. रंगीत फिल्मचे थर तर आणखी जास्त. हे जमणाऱ्या कंपन्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या: अमेरिकेत कोडॅक, जपानात फुजी आणि कोनिका, युरोपात आग्फा. या उंच कुंपणाच्या आत कोडॅक निवांत होती. १९७६ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फिल्मपैकी सुमारे ९० टक्के आणि कॅमेऱ्यांपैकी सुमारे ८५ टक्के एकट्या कोडॅकचे होते. आपल्या दादासाहेब फाळक्यांनीसुद्धा १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा विकत घेतला, तेव्हा कच्च्या फिल्मची मागणी कोडॅककडेच नोंदवली होती.

माझ्या पिढीला फिल्मचा काळ वेगळा सांगायला नको. छत्तीसचा रोल आणला की तो जपून वापरायचा. एकाच रोलमध्ये गणपती, दिवाळी, धाकट्याचा वाढदिवस आणि महाबळेश्वरची सहल. रोल भरला नाही तर धुवायला टाकायचा नाही, म्हणून शेवटचे दोन फोटो दारातल्या तुळशीचे! नीट भरला तर छत्तिसाचे सदतीस-अडतीस निघायचे, त्याचा केवढा आनंद. मग स्टुडिओतून पाकीट घेऊन यायचं आणि घरातले सगळे भोवती जमायचे. कोडॅकच्या जाहिराती नेमकं हेच विकत होत्या. फिल्म विकतो असं त्या म्हणतच नव्हत्या. आठवणी जपा म्हणत होत्या. म्हणजे जाहिरात खात्याचं म्हणणं होतं की आपण आठवणी विकतो, आणि हिशेब खात्याचं म्हणणं होतं की आपण लेप दिलेली पट्टी विकतो. पट्टीशिवाय आठवण ठेवायचा दुसरा मार्गच नव्हता, तोपर्यंत या दोन उत्तरांत भांडण नव्हतं.

आता येऊ १९७५ कडे. स्टीव्हन सॅसन नावाचा पंचविशीतला इंजिनिअर. त्याच्याकडे काम आलं ते एका नव्या इलेक्ट्रॉनिक तुकड्याचं काही करता येतं का हे पाहण्याचं. हा तुकडा म्हणजे प्रकाशाचं विजेत रूपांतर करणारा सीसीडी. त्याची कल्पना १९६९ साली बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी मांडली आणि त्याबद्दल २००९ साली त्यांना नोबेलही मिळालं. सॅसनने इकडचे तिकडचे भाग जमवून साडेतीन किलोंहून जास्त वजनाची एक पेटी तयार केली. ती ०.०१ मेगापिक्सेलचा, कृष्णधवल फोटो घ्यायची. तो साध्या ऑडिओ कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायची आणि टीव्हीच्या पडद्यावर बघावा लागायचा. सॅसनने हे यंत्र वरिष्ठांना पुन्हा पुन्हा दाखवलं. फोटो टीव्हीवर कोण कशाला बघेल, असं त्यांनी विचारल्याचं त्याने पुढे सांगितलं आहे. सामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोचायला किती वर्षं लागतील, या प्रश्नावर त्याचा अंदाज होता १५ ते २० वर्षं.

बोधकथा इथेच थांबते: बघा, कपाटात टाकलं! पण हे अर्धसत्य आहे. १९७८ साली कोडॅकने या यंत्राचं पेटंट मिळवलं. त्याच सुमाराला कोडॅकच्याच ब्राइस बेयर यांनी रंगीत डिजिटल फोटोसाठी लाल, हिरव्या, निळ्या चौकोनांची गाळणी शोधली. आज तुमच्या खिशातल्या फोनच्या कॅमेऱ्यातही बहुधा तिचाच एखादा प्रकार आहे. संशोधन थांबलं नव्हतं, पैसाही आटला नव्हता.

त्याहून महत्त्वाची गोष्ट १९८१ ची. त्या वर्षी सोनीने फिल्मशिवाय चालणारा 'माव्हिका' कॅमेरा जगाला दाखवला आणि कोडॅकमध्ये खळबळ माजली. कंपनीच्या बाजार-अभ्यास विभागाचे प्रमुख व्हिन्स बाराबा यांनी सविस्तर पाहणी केली. निष्कर्ष दोन होते. एक, इलेक्ट्रॉनिक तंत्र फिल्मची जागा घेऊ शकतं. दोन, याला अजून वेळ आहे, तयारीला साधारण दहा वर्षं मिळतील. आता सांगा, यापेक्षा स्वच्छ 'कळणं' कोणतं? रोगाचं नाव कळलं, मुदतही कळली. सॉक्रेटिसाला इथे उत्तर देणं कठीण गेलं असतं.

मग वळलं का नाही?

आळस, अहंकार, लोभ ही सोपी उत्तरं आहेत. ती साफ खोटी नाहीत, पण पुरेशी नाहीत. मला वाटतं, खरी मेख काळात आहे. फिल्मचा खप १९८१ नंतर घटला नाही, वाढत गेला. जगातली रंगीत फिल्मची मागणी शिखरावर पोचली ती २००० च्या सुमारास. म्हणजे कोडॅकच्या बैठकीत 'डिजिटल येणार, पण अजून नाही' असं म्हणणारा माणूस दरवर्षी बरोबर ठरत होता. १९८२ साली बरोबर, १९८८ साली बरोबर, १९९५ सालीही बरोबर! आणि 'आत्ताच वळा' म्हणणारा दरवर्षी चूक ठरत होता. एकोणीस वर्षं बरोबर ठरलेल्या माणसाचं विसाव्या वर्षी कोण ऐकणार नाही? वळायचं हे ठरलेलं होतं, पण वळायचा दिवस असा कधी उजाडतच नाही. आज वळलो तर उद्याच्या अनिश्चित नफ्यासाठी आजचा खात्रीचा नफा घालवतो. आपल्याकडे म्हणतातच, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. कोडॅकने ही शहाण्यांची म्हण पाळली.

शिवाय एक छोटी, बोलकी घटना. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकची अधिकृत फिल्म होण्याची संधी कोडॅकने सोडली आणि फुजीने घेतली. अमेरिकेच्या अंगणात जपानी हिरवं पाकीट पोचलं. म्हणजे ज्या फिल्मच्या धंद्यासाठी बाकी सगळं लांबणीवर पडत होतं, त्याच्या राखणीतही ढिलाई आलीच होती. तिकडे पोलरॉइडशी झटपट फोटोंच्या पेटंटांवरून चाललेला दावा कोडॅक हरली. १९८६ साली तो धंदा बंद करावा लागला आणि १९९१ मध्ये ९२.५ कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटलं.

इथपर्यंत गोष्ट 'कळलं पण वळलं नाही' अशीच आहे. पण पुढे ती थोडी अवघड होते.

कोडॅक वळली. हो, अखेर वळली. १९९१ साली तिने निकॉनच्या कॅमेऱ्यावर बेतलेला, वृत्तछायाचित्रकारांसाठीचा डिजिटल कॅमेरा आणला. १९९४ साली ॲपलच्या नावाने विकला गेलेला 'क्विकटेक' कोडॅकनेच बनवलेला होता. १९९३ मध्ये तर कंपनीचं प्रमुखपद मोटोरोलातून आलेल्या जॉर्ज फिशर यांना दिलं गेलं. रसायनवाल्यांच्या घरात इलेक्ट्रॉनिक्सवाला सून होऊन आला. अर्थात जुनी ओढ सुटत नव्हती. १९९६ साली 'ॲडव्हांटिक्स' ही नवी फिल्मपद्धत मोठ्या खर्चाने आली. तिच्यातल्या एका मॉडेलवर काढलेला फोटो छोट्या पडद्यावर लगेच दिसायचा, पण उमटायचा मात्र फिल्मवरच! दोन दगडांवर पाय म्हणतात तो हा.

पुढे मात्र पावलं खरी पडली. २००१ साली 'ईझीशेअर' कॅमेरे आले. फोटो संगणकावर चढवण्याची कटकट त्यांनी फार कमी केली, अगदी ईस्टमनच्या परंपरेतलं काम. त्याच वर्षी 'ओफोटो' ही इंटरनेटवर फोटो ठेवण्याची सेवा कोडॅकने विकत घेतली. २००३ साली कंपनीने भागधारकांचा लाभांश बराच कापून तो पैसा डिजिटलकडे वळवायचं जाहीर केलं आणि त्यांची नाराजी ओढवून घेतली. २००५ साली अमेरिकेत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत पहिला क्रमांक कोडॅकचा होता.

पहिला क्रमांक! आणि तरी सात वर्षांत दिवाळं. हे बोधकथेत बसत नाही, म्हणून बोधकथेत सांगत नाहीत.

असं का झालं? कोडॅकच्या डिजिटल विभागाचे एके काळचे प्रमुख विली शी पुढे हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले. त्यांनी याचा उलगडा केला आहे. फिल्मचं कुंपण उंच होतं. डिजिटल कॅमेऱ्याला कुंपणच नव्हतं. सेन्सर एकाकडून घ्या, भिंग दुसऱ्याकडून, चिप तिसऱ्याकडून, जोडा आणि विका. हे कोणालाही जमत होतं, त्यामुळे किमती कोसळल्या आणि नफा उरला नाही. वर एकदा कॅमेरा विकला की पुढे रोज विकायला काही नाही. ना फिल्म, ना रसायन, ना कागद. वस्तरा होता, पाती नव्हती.

मग पाती शोधायची धडपड सुरू झाली. २००७ साली कोडॅकने घरगुती इंकजेट प्रिंटर बाजारात आणले. हिशेब असा की लोक फोटो संगणकात ठेवतील, पण शेवटी छापतीलच. ओफोटोचा धंदाही फोटो छापून मागवण्यावर उभा होता. आणि त्याच २००७ साली पहिला आयफोन आला. लोकांनी फोटो छापणं सोडलं, पुढे कॅमेरा घेणंही सोडलं. ज्या डिजिटल कॅमेऱ्याच्या मागे कोडॅक एवढी धापा टाकत आली, तोच फोनच्या पोटात गडप झाला. १९७५ सालचा साहेबांचा प्रश्न आठवा: फोटो पडद्यावर कोण कशाला बघेल? तीस वर्षांनंतरही कंपनीच्या मनात खोल कुठेतरी तोच प्रश्न होता. फोटो म्हणजे हातात धरायचा कागद. यंत्र बदललं, पण कल्पना बदलली नाही. १९ जानेवारी २०१२ रोजी कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. ओफोटोची पुढची आवृत्ती त्याच वर्षी अडीच कोटी डॉलरपेक्षा कमी किमतीत विकली गेली. फोनवरच्या फोटोंचं इन्स्टाग्राम विकत घ्यायला फेसबुकने त्याच वर्षी एक अब्ज डॉलरचा सौदा जाहीर केला.

आता या चित्राशेजारी फुजीचं चित्र ठेवा. धंदा तोच, संकट तेच, वेळही तीच. २००० साली फुजीची निम्म्याहून अधिक विक्री फोटोच्या साहित्यातून होत होती. पुढच्या दहा वर्षांत जगातली रंगीत फिल्मची मागणी शिखराच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली गेली. त्या काळात शिगेताका कोमोरी प्रमुख होते. त्यांनी इंजिनिअरांना एक काम सांगितलं: आपल्याला काय काय येतं याची यादी करा, आणि ते आणखी कुठे लागतं ते शोधा.

उत्तरं मजेदार निघाली. फिल्मचा आधार म्हणून वापरायच्या एका पारदर्शक पट्टीची टीव्ही आणि संगणकाच्या सपाट पडद्यांना गरज होती. फुजीने त्यासाठी नवे कारखाने उभारले आणि भरपूर कमावलं. जिलेटिन म्हणजे मुळात कोलॅजेन, आपल्या त्वचेतही तेच. फोटो विटतो तो ऑक्सिडेशनने, आणि त्वचा म्हातारी होण्यातही त्याचा हात असतो. म्हणून २००७ साली फुजीने 'ॲस्टालिफ्ट' नावाची सौंदर्यप्रसाधनं काढली. लोक हसले असतील, पण ती चालली. २००८ साली तोयामा ही औषधकंपनी विकत घेतली.

फुजीलाही हे फुकट मिळालं नाही. २००६ च्या सुमाराला फोटो विभागातल्या सुमारे ५,००० लोकांच्या नोकऱ्या गेल्या. झेरॉक्सबरोबरच्या भागीदारीतला हिस्सा २००१ मध्येच वाढवून ठेवला होता, त्याचाही मोठा टेकू मिळाला. नशिबाचा भाग होताच. पण प्रश्न कसा विचारला गेला, तो फरक बघा. कोडॅकने विचारलं: फिल्मच्या जागी काय विकू? फुजीने विचारलं: फिल्म करता करता आपण काय शिकलो? पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधताना नजर बाजारातल्या रिकाम्या जागेकडे जाते. दुसऱ्या प्रश्नात ती स्वतःच्या हाताकडे जाते.

तुम्ही म्हणाल, कोडॅकने दुसरे धंदे करून पाहिलेच नाहीत का? पाहिले ना! १९८८ साली तिने 'स्टर्लिंग ड्रग' ही औषधकंपनी ५.१ अब्ज डॉलरना घेतली, आणि कर्ज डोईजड झाल्यावर १९९४ मध्ये विकून टाकली. त्याच १९९४ मध्ये तिने आपला रसायनविभाग वेगळा काढला. रसायनं म्हणजे कोडॅकचं स्वतःचं, पिढ्यान् पिढ्यांचं ज्ञान. ती 'ईस्टमन केमिकल' आज मूळ कोडॅकपेक्षा कितीतरी मोठी कंपनी आहे. २००७ साली रुग्णालयांना लागणाऱ्या क्ष-किरण प्रतिमांचा विभाग २ अब्ज डॉलरहून जास्त किमतीला विकला, आणि प्रिंटर काढले ते त्याच वर्षी. प्रत्येक वेळी सल्ला तोच होता: आपण फोटोवाले, आपल्या मूळ धंद्यावर लक्ष केंद्रित करा. म्हणजे कोडॅक आपल्या ओळखीशी प्रामाणिक राहण्यासाठी आपलं ज्ञान विकत राहिली. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये ही म्हण १९८१ नंतर तिने पाळली, आणि १९९४ पासून मोडली. दोन्ही वेळा चुकलं, कारण हातचं नेमकं काय हेच ठरलेलं नव्हतं. फिल्म म्हणजे हातचं की रसायनविद्या म्हणजे हातचं?

इथे सॉक्रेटिसाला थोडं झुकतं माप द्यावं लागतं. कोडॅकला माहिती होती, मुदत ठाऊक होती. 'मी कोण' या प्रश्नाचं उत्तर मात्र तिने तपासून पाहिलं नव्हतं, ते जाहिरातीतून घेतलं होतं. त्या अर्थाने तिला कळलंच नव्हतं. १८८० च्या दशकात ईस्टमनला ते बरोबर कळलं होतं. तो स्वतःला काचेचा व्यापारी समजला असता, तर कोडॅक जन्मालाच आली नसती.

एवढं बोलून थांबलो तर ही पुन्हा बोधकथाच होईल, म्हणून रॉचेस्टरबद्दल बोलतो. १९८२ साली त्या एका गावात कोडॅकचे ६०,००० हून अधिक कामगार होते. १९१२ पासून कंपनी कामगारांना दरवर्षी नफ्यातला वाटा देत आली होती. तो मिळायचा मार्चमध्ये, आणि गावातले दुकानदार, गाड्या विकणारे त्याची वाट पाहायचे. बाप, मुलगा, नातू एकाच कारखान्यात, असं आपल्या गिरणगावासारखंच चित्र. २००७ मध्ये त्या कारखान्याच्या काही इमारती सुरुंग लावून पाडल्या, तेव्हा माणसं बघायला जमली होती. दिवाळखोरीत निवृत्त कामगारांचे औषधपाण्याचे लाभ २०१२ अखेर बंद झाले.

१९८१ चा तो अहवाल या कामगारांनी वाचलेला नव्हता. ज्यांना कळलं होतं, त्यांतले बरेच जण सन्मानाने, वेळेवर निवृत्त झाले. किंमत मोजली ती ज्यांना कोणी सांगितलंच नाही त्यांनी. ॲरिस्टॉटलच्या अक्रासियात चुकणारा आणि भोगणारा एकच माणूस असतो. मोठ्या संस्थेत ते दोघे वेगळे असतात, आणि म्हणूनच तिथे न वळणं इतकं सोपं जातं. माझ्या मते हा प्रश्न धोरणाइतकाच नीतीचा आहे.

दुसऱ्याला नावं ठेवण्याआधी स्वतःचं सांगतो. मी जिथे शिकवलं तिथे आमच्या विभागात मुलं कमी होत चालली होती, हे आम्हाला पंधरा वर्षं आधी दिसत होतं. आम्ही त्यावर अहवाल लिहिला, चांगला लिहिला. त्यातला एक भाग माझ्याच हातचा. मग आम्ही तोच अभ्यासक्रम पुढच्या वर्षी शिकवला, कारण त्या वर्षापुरती मुलं होती. मी निवृत्त झालो. माझ्यामागे तासिका तत्त्वावर लागलेल्या तरुणांचं काय झालं, ते विचारू नका. त्यामुळे कोडॅकच्या साहेबांना हसण्याचा अधिकार मला नाही.

कोडॅक कंपनी आजही आहे, लहान होऊन. तिची 'कोडाक्रोम' ही सगळ्यात प्रसिद्ध रंगीत फिल्म १९३५ मध्ये दोन संगीतकारांनी शोधली होती. २००९ साली तिचं उत्पादन थांबवायचं जाहीर झालं. शेवटच्या रोलपैकी एक छायाचित्रकार स्टीव्ह मकरी यांना दिला गेला, आणि त्यातल्या काही चौकटी त्यांनी आपल्या मुंबईत खर्च केल्या. छत्तीसच फोटो, जपून काढलेले. आपण काढायचो तसेच.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. पण मागच्याच्या वाटेवरचा दगड वेगळा असतो, म्हणून ठेचेची नक्कल करून शहाणपण येत नाही. घरी गेल्यावर इतकंच करा. आपल्या कपाटात, आपल्या संस्थेच्या कपाटात असा एखादा अहवाल पडला आहे का, ज्यात सगळं बरोबर लिहिलेलं आहे, ते बघा. असेल, तर तो कोणाला वाचून दाखवायचा राहिला आहे, हेही बघा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.